सोजरबाईच्या कॅसेटची कोरी बाजू

सिस्टर, तुम्ही गेल्यावरच्या जलदानविधीत मी माइक हिसकावला. तसा माइक माझाच होता. स्पीकर माझे, मंडपातली वायर सकाळी मीच ओढलेली. पण बोलणारा माणूस मोठा होता, एका सांस्कृतिक मंडळाचा अध्यक्ष, आणि त्याचं वाक्य अर्ध्यावर होतं. पांढऱ्या कपड्यांनी भरलेला मंडप माझ्याकडे बघत राहिला. नंतर जेवणाच्या पंगतीत कुणीतरी म्हणालंच, या बालाजीला कुठं काय करावं याची अक्कल नाही. तुम्हीही हेच म्हणत आलात. पण तुम्ही तिथं असतात तर माझ्याआधी उठला असतात, हेही मला माहीत आहे. तर काय झालं आणि का झालं ते तुम्हाला सांगतो. तुम्ही होतात तोवर अडीच महिने सांगायचं टाळलं, आता टाळून कुणाची सोय होणार आहे?

तुम्ही पहिल्यांदा दुकानात आलात ते निळा डबा घेऊन. जुन्या मोंढ्यातलं माझं दुकान म्हणजे अर्धं साउंड सर्व्हिस, अर्धी रेकॉर्डिंगची खोली. साड्यांचा सेल, हरवलेली म्हैस, निवडणूक, ज्याची म्हणाल त्याची जाहिरात मी भोंग्याच्या रिक्षासाठी रेकॉर्ड करून देतो. तुमच्या हातात लशीचा डबा बघून मला वाटलं, पोलिओवाल्या आल्या. म्हटलं, "आमच्यात लहान लेकरू न्हाई, मॅडम." तुम्ही डबा काउंटरवर ठेवून झाकण उघडलंत. आत बर्फाऐवजी कॅसेटी. एकेक कॅसेट कागदात गुंडाळलेली, वर निळ्या शाईत नाव आणि गाव.

"आपल्याकडच्या उन्हात कॅसेट वाकडी होती," तुम्ही म्हणालात. "ह्या डब्यात लस टिकती, मग गानं न टिकायला काय झालं?"

त्यातली एक कॅसेट टेपानं खाल्ली होती, ती नीट करून हवी होती. मी म्हणालो, "आजी, आता कोन ऐकून राहिलं कॅसेट? टाकून द्या."

"आजी नको म्हनू. सिस्टर म्हन. अन् आधी तुझं नाव सांग, गाव सांग, आज काय काम केलं ते सांग."

मी गंमत म्हणून सांगितलं. बालाजी, नांदेड, आज बेंजो पार्टीचा फाटका स्पीकर चिकटवला. तुम्ही पिशवीतून लांबट रजिस्टर काढलंत आणि ते जसंच्या तसं लिहून घेतलंत. मगच कॅसेट माझ्या हातात दिलीत.

हीच तुमची रीत होती. सगळी नोकरी बिलोली आणि हिमायतनगरच्या बाजूच्या उपकेंद्रांत गेली, आणि सुई टोचण्याआधी नाव-गाव लिहायचं हे तुमच्या हाडात मुरलेलं. लस द्यायला ज्या अंगणात जायच्या, तिथं कुणी गुणगुणताना सापडलं की पर्समधून तो छोटा टेप निघायचा. गाण्याच्या आधी तीच तीन वाक्यं. नाव, गाव, आज काय काम केलं. प्रत्येक कॅसेटवर आधी तुमचा तो सरकारी आवाज, मग एक लाजरं उत्तर, मग गाणं. गाणारं कोण, तर कापूस वेचणारी, वीटभट्टीवरची, पोळ्या लाटणारी, बँडमध्ये वाजवणारा. स्वतःची गाणी स्वतः रचणारी ही माणसं, पण कुठल्या मंचावर नाहीत, रेडिओवर नाहीत, शेजारच्या गल्लीलाही माहीत नाहीत. तुम्ही त्यांना कलाकार म्हणायच्या आणि तेही लसीकरणाच्या यादीतल्या लेकरांची नावं घ्यावीत इतक्या सहज.

हिमायतनगरच्या चाँदभाईची कॅसेट आठवते ना? लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवणारा. वरात चौकात अडकली, पोरं नाचून दमली, की हा पठ्ठ्या त्या चार मिनिटांत सिनेमाचं गाणं सोडून स्वतःची एक चाल वाजवायचा. अख्ख्या वरातीत ती ऐकणारं माणूस एकच, नवरीकडून जेवायला आलेली सिस्टर. तुम्ही हातातला आहेर शेजारणीकडे देऊन घोड्याच्या पुढ्यात टेप धरलात. ती कॅसेट मी फार मेहनतीनं साफ केली, आणि तुम्ही ऐकून कपाळाला आठ्या घातल्या.

"घोडा कुठं गेला रे?"

"टापांचा आवाज काढला की. डिस्टर्ब होत होता."

"चाँदभाई काय हॉलमधी वाजवत होता का? घोडा परत घाल."

दोन दिवस भांडलो. मी म्हणायचो, कला शुद्ध दिसली पाहिजे. तुम्ही म्हणायच्या, शुद्ध करायला ते काय पिण्याचं पाणी आहे? शेवटी मी घोडा परत घातला. आज ती चाल ऐकताना मी टापांचीच वाट बघतो. हे तुम्हाला कधी कबूल केलं नाही, कारण तुम्ही ते चार ठिकाणी सांगत हिंडला असतात.

नावाचा हा हट्ट कुठून आला, ते तुम्ही एकदाच सांगितलंत, तेही मी फारच छळलं म्हणून. भूकंपाच्या दिवशी तुमची तात्पुरती नेमणूक किल्लारीला झाली होती. तुमच्या हातात चिठ्ठ्या आणि दोरा, ढिगाऱ्यातून काढलेल्या प्रत्येक मृताच्या मनगटाला नावाची चिठ्ठी बांधायचं काम. "चिठ्ठ्या लई होत्या रे बालाजी," तुम्ही म्हणालात, "नाव सांगनारं मानूस उरलं नव्हतं." कोऱ्या चिठ्ठ्या बांधल्या तुम्ही त्या दिवशी. ते सांगून झाल्यावर तुम्ही चहा मागितलात आणि साखर कमी आहे म्हणून मला झापलंत. त्या दिवसानंतर तरी मला शहाणपण यायला हवं होतं.

आलं नाही. म्हणून आता सोजरबाईचं सांगतो.

पिंपळथडीची सोजरबाई तुमची सगळ्यात लाडकी, हे तुम्ही लपवलंही नाही. दुसऱ्याच्या रानात निंदायला जाणारी बाई, आणि तिनं गाणं रचलं गावच्या हापशावर, जिथं तिच्या आळीच्या बायांना घागर घेऊन बाजूला थांबवायचे.

हापसा सरकारी, पानी भुईच्या पोटातून,
कोन रं तू मला म्हननारा, सरक वाटंतून?

अशी अकरा कडवी. आवाज फुटका, चाल हट्टी, प्रत्येक कडव्याला पुढे सरकणारी. तुम्ही सगळ्या कॅसेटींचे कान मोडलेले होते. कडेचे ते दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे, ते मोडले की कॅसेटवर पुन्हा कुणाला रेकॉर्ड करता येत नाही. आमच्या दुकानात त्यांना कान म्हणतात. सोजरबाईच्या कॅसेटचे तेवढे शाबूत ठेवले होते, कारण मागची बाजू कोरी होती आणि तिनं अजून एक गाणं द्यायचं कबूल केलं होतं. ते द्यायच्या आधीच ती गेली. तुम्ही तरी कान मोडले नाहीत. कोऱ्या बाजूची आशा तुम्ही का धरून ठेवलीत, कोण जाणे.

मी ती कॅसेट संगणकावर घेतली आणि इंटरनेटवर टाकायचं ठरवलं. तुम्ही हो म्हणालात, एका अटीवर, नाव आधी. मी हो म्हणालो आणि सुरुवातीचं बोलणं कापलं. लोक पाच सेकंदात पळतात, सिस्टर. वीस-पंचवीस सेकंद एक म्हातारी आपण आज काय काम केलं ते सांगते, हे कोण ऐकेल, असं मला वाटलं. कापलेलं गाणं त्याच फाइलवर सेव्ह केलं. गेलं तर गेलं, टेप आहेच, म्हटलं. आठवड्यानं डेकचा पट्टा बदलला आणि बघू रेकॉर्डिंग होतं का म्हणून माइक लावला, बटण दाबलं, आणि आयुष्यभर जे तोंडात बसलंय ते बोललो. हॅलो, हॅलो, चेक, चेक. आत कोणती कॅसेट आहे ते बघितलं नव्हतं. तुमचीच होती. सोजरबाईनं जिथं स्वतःचं नाव सांगितलं होतं, तिथं आता मी चेक चेक करून राहिलो होतो.

मी कॅसेट गुपचूप डब्यात ठेवली.

गाणं मात्र चाललं, आणि जोरात चाललं. पोरांनी त्याच्यावर ढोल चढवला, मिरवणुकीत वाजवलं. आणि मग लातूरच्या त्या सभागृहात एका सजलेल्या बाईनं नऊवारी नेसून ते म्हटलं. आपण दोघं तिसऱ्या रांगेत. निवेदक म्हणाला, आता सादर होत आहे मराठवाड्याचं एक पारंपरिक लोकगीत, ज्याचा कर्ता काळाच्या उदरात हरवला आहे. तुम्ही उठून उभ्या राहिलात. सत्तरी ओलांडलेली बाई, एका हातात काठी, दुसऱ्यात पर्स.

"हरवला न्हाई! सोजरबाई हाय तिचं नाव! पिंपळथडीची! मी लस दिली तिच्या नातवंडांला!"

लोक हसले. एका स्वयंसेवकानं तुम्हाला हाताला धरून बसवलं, आणि सिस्टर, मी तेव्हा खाली बघत होतो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दुकानात आलात. "त्या निवेदकाची चूक न्हाई. नाव कापलं कुनी?" मी म्हणालो, मी. "मग मूळ टेपवर तर हाय ना?" मी म्हणालो, हाय की. तुम्ही डब्यातून ती कॅसेट काढून पर्समध्ये टाकलीत, डबा उचललात आणि गेलात. त्यानंतर अडीच महिने आला नाहीत. मला वाटलं, कापाकापीचा राग आहे, उतरेल. रोज वाटायचं, आज जाऊन सगळं सांगावं. मग एखादी जाहिरात यायची आणि बरं वाटायचं की आज वेळ नाही. एका दुपारी तुमच्या मुलीचा, ज्योतीताईंचा फोन आला की आई जेवून आडवी झाली ती उठली नाही.

माती झाल्यावर तिसऱ्या दिवशी ज्योतीताई तोच निळा डबा घेऊन दुकानात आल्या. मी म्हटलं, "मला? सिस्टर तर माझ्याशी बोलत नव्हत्या." त्या म्हणाल्या, "आईनं सांगून ठेवलं होतं. डबा मोंढ्यातल्या त्या चेक-चेकवाल्याला द्या म्हणून. हे चेक-चेक काय हाय ओ, बालाजीभाऊ?"



म्हणजे तुम्ही त्याच दिवशी घरी जाऊन टेप लावला होतात. सगळं ऐकलं होतंत. आणि मी येऊन सांगतोय का, याची वाट बघत बसला होतात. शिव्या द्यायच्या की, सिस्टर. साखर कमी पडली तर गल्ली गोळा करायच्या, आणि इथं गप्प बसलात? तुमचं हे वागणं मला आवडलं नाही. आता भांडायला कुठं येऊ?

सोजरबाईची कॅसेट परत डब्यात होती, आणि तळाशी रजिस्टर. सोजरबाईच्या नोंदीपुढे लाल शाईत तुमचं अक्षर, थोडं थरथरलेलं: "सुरुवातीचे बोल पुसले गेले. बालाजीच्या हातून. बाई काय बोलल्या होत्या ते आठवून लिहिते." आणि खाली: "मी सोजर, केरबाची लेक, पिंपळथडीची. गानं माझं हाय, कुनाचं उसनं आनलेलं न्हाई. आज दोन वाफे निंदले अन् एक भांडन केलं."

काउंटरवर गिऱ्हाईक उभं होतं. मी रडत होतो आणि ते विचारत होतं, भाऊ, भोंगा किती वाजता मिळंल.

आता मंडपाचं. वंदना झाली, भंतेजींचं प्रवचन झालं, दोघंतिघं बोलले, मग अध्यक्ष उठले. चांगलंच बोलत होते म्हणा. सिस्टरांनी मराठवाड्याचा ठेवा जपला, वगैरे. मग म्हणाले, "ही गाणी पारंपरिक आहेत, ती कुणा एकाची नाहीत. आमचं मंडळ हा संग्रह ताब्यात घेऊन मान्यवर गायकांच्या आवाजात..." तिथं मी माइक ओढला. तोंडातून सवयीनं बाहेर पडलं, हॅलो, हॅलो, चेक, चेक.

मंडप हसला. ज्योतीताईपण हसल्या, डोळ्याला पदर लावून.

मग मी सांगितलं, सगळ्यांसमोर. की हा चेक-चेक एका बाईच्या नावावर बसलाय आणि तो बसवणारा मी. की ही गाणी पारंपरिक नाहीत, प्रत्येकाला धनी आहे, आणि प्रत्येकाचं नाव या रजिस्टरात आहे. की डबा कुणाच्या ताब्यात जाणार नाही. ज्याला गाणं पाहिजे त्यानं यावं, फुकट न्यावं, पण नाव आधी घ्यावं, आणि कापलं तर माझ्याशी गाठ आहे. अध्यक्ष म्हणाले, ही वेळ नाही. मी म्हणालो, साहेब, हीच वेळ हाय, बसा. आणि रजिस्टर उघडून वाचायला लागलो. चाँदभाई, हिमायतनगर, आज तीन वराती वाजवल्या. असं एकेक. नाव, गाव, काम. कुणी उठून गेलं नाही, सिस्टर. पाच सेकंदांत पळणारी माणसं सगळी बसून होती.

वाचून दमलो तेव्हा मागून नम्रता उभी राहिली. तुम्हाला आठवते, लातूरला डॉक्टरकीच्या शिकवणीला गेलेली पोरगी, हॉस्टेलच्या गच्चीवर आपल्या बोलीत रॅप रेकॉर्ड करणारी. तिला ऐकणारे मोजके, त्यात आपण दोघं. मी पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, "ही गाती का भांडती?" मी म्हणालो, भांडती. "मग सोजरबाईच्या वळनावर गेली," म्हणालात, आणि तिला फोन करून दम दिलात की गाण्याआधी नाव सांगत जा. ती पोरगी भर मंडपात म्हणाली, "नम्रता, किनवटकडची, आज क्लास बुडवला." एवढंच बोलली आणि बसली. तुम्हाला क्लास बुडवलेला आवडला नसता, पण असू दे.

मग बायकांतून एक बाई उठली. काळी, काटक, हातात पिशवी. पिंपळथडीहून दोन गाड्या बदलून आलेली. "ते सोजरबाई म्हनलं ना तुमी, ती माझी माय," ती म्हणाली. "बरं केलं नाव घेतलं. अन् भाऊ, सिस्टरचं नाव काय ओ? आमी समदे सिस्टरच म्हनत आलो."

मी खिशातला फोन काढला.

माझ्या फोनमध्ये तुम्ही 'सिस्टर टेपवाल्या' आहात. इतकी वर्षं, इतकी भांडणं, आणि मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही. डब्यातल्या एकूण एक कॅसेटवर तुमचा आवाज आहे, नाव सांगा, गाव सांगा. तुमचं नाव एकीवरही नाही. रजिस्टरात माझ्या फाटक्या स्पीकरचीही नोंद आहे, तुमची नाही. मला मागे वळून, तुमच्या फोटोखालच्या बॅनरवर नाव आणि गाव दोन्ही वाचावं लागलं. आणि मी ते माइकमध्ये वाचलं, इतक्या जोरात की माझ्याच स्पीकरला शिट्टी आली.

आज दुकान बंद ठेवलं. सोजरबाईची कॅसेट लावली. पुढच्या बाजूचा माझा चेक-चेक तसाच ठेवलाय. माझी चूकही लोकांनी ऐकू दे. इंटरनेटवरचं जुनं गाणं काढून नवीन टाकलं. आता आधी माझा चेक-चेक, मग तुम्ही लिहून ठेवलेले तिचे बोल तिच्या लेकीच्या आवाजात, मग हापसा. ज्याला पळायचं त्यानं खुशाल पळावं. मग कॅसेट उलटी केली, ती कोरी बाजू वर घेतली, बटण दाबलं आणि एकदाही चेक न करता बोललो.

कौसल्या मारोती सोनकांबळे. गाव जुनी किल्लारी. आज काय काम केलं: भांडण मिटवलं.

मग कॅसेट बाहेर काढली आणि तिचे दोन्ही कान मोडून टाकले.